लघवी येईपर्यंत

धावशाच्या जिल्हा परिषद शाळेत
दुसरीच्या वर्गात बसलोय आम्ही दोघं,
पहिला आणि दुसरा,
गुडघे हनुवटीला लागतील एवढ्याशा बाकांवर.
भिंतीवर बाराचा पाढा.
कोपऱ्यात काल तान्ह्या पोळ्यात मिरवलेला
कुणाचा तरी लाकडी बैल,
चाकं लावलेला, गळ्यात सुकलेला झेंडू.
दारात पुण्याहून आलेला माणूस,
पायाशी सीलबंद बाटल्यांची पेटी.
त्याला आमची लघवी हवी आहे
आणि आम्हाला ती येत नाही.

एकशे बारा किलोमीटर.
होतं नव्हतं ते पाणी तळेगावच्या घाटातच गेलं.

लीलाधर भोयर तिसरी बाटली तोंडाला लावतो.
दोन वर्षं बंदी होती त्याच्यावर.
त्या दोन वर्षांत वरुडच्या मंडीत
संत्र्याची कॅरेटं उचलली म्हणे,
आणि रात्री मोर्शी रोडवर
दिवा न लावता सायकल हाणली म्हणे.
पाहिलं कोणी, विचारलं
तर प्रत्येकाच्या साडभावानं पाहिलेलं असतं.

त्या वर्षीचा कप माझ्याकडे मागाहून आला.
पोस्टानं, जुन्या पेपरात गुंडाळून.
पोस्टमननं सही घेतली, तेवढाच सत्कार.
त्याचं नाव खरवडून माझं कोरलेलं;
बोट फिरवलं की 'लीला' लागतं अजून.
आईनं तो टीव्हीवर ठेवला.
मी काढला.
तिनं परत ठेवला.

आज घाटात चार किलोमीटर
मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून होतो
नुसता त्याचा श्वास ऐकत,
बेअरिंगला कान लावावा तसा.
वाटलं होतं, कळेल.
दुसऱ्या वळणावर त्याला धाप लागली, मला बरं वाटलं.
तिसऱ्यावर तो पेडलवर उभा झाला,
खांदे हललेसुद्धा नाहीत.
तेव्हा सागाखाली बसलेला एक म्हातारा ओरडला,
"हान रे भोयरा!
पटाच्या बैलाले आमी मोहाची पाजत होतो,
त्याची कोनं तपासली?"
माणसं हसली. लीलाधर नाही हसला.
मी हसलो.
आठ सेकंदांनी हरलो.

आता ठोंबरे सर खिडकीच्या गजांतून
मला अंगठा दाखवतात.
म्हणजे काळजी नको.
त्या वर्षीही असाच दाखवला होता,
शर्यतीच्या सकाळी, कागदाची पुडी देऊन.
व्हिटॅमिन आहे, म्हणाले.
कडू होतं. मी विचारलं नाही.
त्या दिवशी पेटीत एकाचपुरत्या बाटल्या होत्या
आणि मी दुसरा आलो होतो.

या वर्षी पुडी नव्हती. यंदा नाहीच घेतली काही.
तरी पोटात गोळा का यावा?

"तुले येते का बे, रोशन?"
"नाही."
"मले बी नाही."
त्याची बाटली अर्धी उरलेली. माझ्याकडे सरकवतो.
दारातला माणूस खेकसतो,
एकमेकांचं पाणी प्यायचं नाही.
लीलाधर हात मागे घेतो,
बाकावर कोणा पोट्ट्यानं कर्कटकनं कोरलेल्या
बदामावर अंगठा घासत बसतो.
विचारावं त्याला? काय विचारावं?
खरं सांगितलं तर मी कप काढून देणार आहे का?

बाहेर लाउडस्पीकरवर त्याचं नाव घेतात.
टाळ्या पडतात, मग मधेच विरळ होतात,
कोणीतरी कोणाच्या तरी कानाशी लागल्यासारख्या.
तो ऐकतो. बदाम घासत राहतो.
मग एकदम, भिंतीकडे तोंड करून,
तान्ह्या लेकराला आई उभं धरते ना अंगणात,
तशी शीळ घालतो हळूच,
शूऽऽ शूऽऽ,
स्वतःसाठी की माझ्यासाठी, कळत नाही.

दारातला माणूस घड्याळ बघतो.
मी उठतो. मला आली आहे.